चालू काम आणि दुष्काळ: पंडिता रमाबाईंच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

१८९६ च्या शेवटी पंडिता रमाबाईंना कुणी विचारलं असतं की बाई, तुमचं पाचारण काय, म्हणजे देवानं तुम्हाला कशासाठी बोलावलंय, तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं आणि तेही इमारतीसकट. पुण्यात शारदा सदन चालू होतं, उच्च जातीच्या बालविधवा तिथं राहून शिकत होत्या, खर्चाचे पैसे बोस्टनहून येत होते, बाईंचं वय अडतीस, नाव देशात आणि परदेशात झालेलं. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत सगळं उलटंपालटं झालं.

मला त्या दीड-दोन वर्षांकडेच नीट बघायचंय. कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) 'कम्फर्ट झोन सोडा' या विषयावर संदेश, म्हणजे प्रवचन, झाला की अब्राहाम ऊर सोडून निघतो, पेत्र नावेतून पाण्यावर उतरतो आणि तिथून डायरेक्ट आपल्यावर येतं, की बघा तुम्हीही सोडा. मधे काहीच नाही. भाडं नाही, पोरांची फी नाही, घरातल्यांचं काय ते नाही. अब्राहाम निघाला तेव्हा सारेला काय वाटलं तेही बायबलमध्ये नाहीये म्हणा. पण रमाबाईंच्या केसमध्ये बऱ्याच गोष्टी तारीखवार सापडतात, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि जागा तर अशी की पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडली की मधे केडगाव येतं, उतरून बघून या.

सोडण्यासारखं होतं तरी काय

हा प्रश्न आधी, कारण इथंच आपली गल्लत होते. कम्फर्ट म्हटलं की आपल्याला एसी, पगार, टू बीएचके दिसतं. रमाबाईंच्या आयुष्यात सुखासीन असं फारसं काही नव्हतंच. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा माणूस, पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं कुटुंब, होतं नव्हतं ते दानधर्मात गेलेलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघं थोड्याथोड्या अंतरानं गेले. आई गेली तेव्हा तिरडीला माणसं मिळेनात, शेवटी दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, भाऊ आणि रमाबाई धरून चौघं झाले, स्मशान तीनेक मैल लांब, आणि रमाबाई उंचीनं लहान म्हणून तिरडीचं आपलं टोक त्यांनी खांद्यावर नाही तर डोक्यावर घेतलं. नंतर भावाबरोबर हजारो मैल पायी, काश्मीरपर्यंत, झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून वाळूत खड्डे करून वर कोरडी वाळू ओढून झोपायचे. मग कलकत्ता, तिथं 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, मग भाऊ गेला, १८८० मध्ये लग्न झालं आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

तर अशा बाईला 'कम्फर्ट सोड' म्हणून सांगायचं म्हणजे काय सोड म्हणायचं?

माझं मत असं, की त्यांचा कम्फर्ट म्हणजे शारदा सदनाची बसलेली घडी. ती बसवायला केवढा खटाटोप झाला होता ते बघा. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिथल्या लोकांनी दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. काम ठरलेलं, उच्चवर्णीय विधवांना शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभं करणं. धर्म शिकवायचा नाही ही अट. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शाळा उघडली. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या आनंदीबाई कर्वे, यावरून कामाचा दर्जा कळेल. मुलींचे सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळले जायचे, बाई स्वतः ख्रिस्ती असून. १८९० च्या शेवटी शाळा पुण्यात आली.

आणि १८९३ ला भडका उडाला. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या पण दार उघडं ठेवायच्या, मुली येऊन बसायला लागल्या. केसरीनं झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार काही लावलं नाही. (दार उघडं ठेवणं म्हणजे धर्म न शिकवणं का, यावर तेव्हाही वाद होता आणि मला विचाराल तर दोन्ही बाजूंना मुद्दा होता. अट पाळली का, तर अक्षरशः पाळली. ज्या बापानं मुलगी विश्वासानं पाठवली त्याला काय वाटलं असेल, तर फसवल्यासारखं वाटलं असेल.) पण संस्था टिकली, बोस्टनवाले पाठीशी राहिले, आणि तीन-एक वर्षांत पाणी निवळलं.

म्हणजे १८९६ मध्ये जे हातात होतं ते आयतं मिळालेलं सुख नव्हतं, भांडून, बदनामी सोसून उभं केलेलं देवाचं काम होतं. आणि हेच सोडायला सगळ्यात कठीण असं मला वाटतं. वाईट सवय सोड म्हटलं तर निदान कळतं तरी. चांगलं चाललेलं, प्रार्थनेतून मिळालेलं, लोक ज्यासाठी आपल्याला ओळखतात असं काम, त्याच्या चौकटीबाहेर पाय टाकायचा म्हणजे आधीचं पाचारण खोटं होतं का, असा प्रश्न स्वतःलाच पडतो.

आधी एक प्रार्थना

दुष्काळाच्या आधीची एक गोष्ट बाईंनी पुढं साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, सांगितलीय. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची कॅम्प मीटिंग भरायची, तिथं त्या विश्वासात आलेल्या आपल्या १५ मुलींना घेऊन गेल्या होत्या. एका पहाटे रानात एकट्याच जाऊन त्यांनी या मुलींसाठी आभार मानले आणि मागितलं की पुढच्या कॅम्प मीटिंगच्या आत या संख्येचा वर्ग कर. १५ चा वर्ग, २२५. म्हणजे बाईंचं गणितही पक्कं आणि मागणंही.

आता हे मागताना डोळ्यांपुढं काय असेल? साहजिकच शारदा सदन मोठं झालेलं, अजून मुली, अजून खोल्या. दुष्काळात आईबाप मेलेल्या पोरी येतील असं कशाला मनात आणलं असेल. पण आकडा भरला तो तसाच, आणि बाईंनी तो प्रार्थनेचं उत्तर म्हणून धरला. मला इथं जरा अडखळायला होतं हे सांगतो. कुणाच्या घरचे उपाशी मेले आणि कुणाची प्रार्थना ऐकली गेली, हे वाक्य मी साक्षीच्या स्टेजवरून बोलू शकणार नाही. बाई बोलू शकल्या, कारण त्या स्वतः त्या दुसऱ्या बाजूनं आल्या होत्या, उपाशी मेलेल्या घरातली उरलेली पोरगी म्हणून.

मन आधी नाहीच म्हणालं

बातम्या आल्या आणि बाई ताडकन उठून निघाल्या असं झालं नाही. त्यांच्या लिहिण्यातून स्पष्ट दिसतं की आधी टाळाटाळ झाली. स्वतःच्या दुष्काळाच्या आठवणी वर यायला लागल्या, त्या नकोच होत्या. आणि दुसरं, सरळ हिशोब. पैसे नाहीत, माणसं नाहीत, जागा नाही, बोस्टनचा पैसा शारदा सदनासाठी, तो असा वळवता येत नाही. एवढ्या मोठ्या दुष्काळात मी एकटी बाई काय करणार.

आपण ही पायरी संदेशात गाळतो बघा. पाचारण आलं, मान्य केलं, निघाले. टेस्टिमनी दहा मिनिटात बसवायची असते त्यामुळे असेल. पण माझ्या मते या केसमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे, की हिशोब करणं म्हणजे अविश्वास असं बाईंनी धरलं नाही. हिशोब केला, तो जमत नाही हे दिसलं, तरी आठवण पाठ सोडेना. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात देव इस्राएलांना परत परत सांगतो ना, तू मिसरात दास होतास ते आठव म्हणून, तसलाच प्रकार. परक्याची कीव आली आणि निघाल्या असं नव्हतं, ती भूक ओळखीची होती. आणि आधी जाऊन बघायचं ठरलं. एवढंच. संस्था काढायची असं नाही, बघून यायचं.

मध्य प्रांत

तिकडं गेल्यावर सरकारी पुअर हाऊस बघायला गेल्या. बाईंनी लिहिलंय की पहिलं जे पुअर हाऊस बघितलं ते घर वगैरे काही नव्हतंच, गावाबाहेरची झाडी होती. झाडांखाली माणसांचे घोळके, कुणी राखेत बसलेलं, कुणी घाणीत तसंच पडलेलं, अंगावर चिंध्या, म्हातारी, पोरं, आजारी सगळी एकत्र. सरकारी कागदावर मात्र ते 'हाऊस'.

उपाशी माणसं त्यांनी आधी बघितली होती, नव्हे, त्या स्वतः उपाशी राहिल्या होत्या. नवीन जे दिसलं ते वेगळं होतं. या छावण्यांत आणि रिलीफच्या कामांवर एकट्या पडलेल्या पोरींचं काय होतं ते दिसलं. आईबाप मेलेली बारा-तेरा वर्षांची पोरगी, देखरेखीला असलेला पुरुष, आणि आसपास घिरट्या घालणारे दलाल. धान्य मिळायचं, पण कशाच्या बदल्यात. हे बघून झाल्यावर 'बघून येते' वाला प्लॅन उरलाच नाही.

पहिल्या तुकडीत साठेक जणी आल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत आकडा तीनशेच्या आसपास गेला. शारदा सदनात किती मुली असायच्या, तर पन्नास-साठ. आणि या नव्या मुली कुठल्या जातीच्या? सगळ्या जातींच्या. विधवा? काही होत्या, बऱ्याच नव्हत्या. म्हणजे बोस्टनबरोबर ठरलेल्या अटींत यातलं जवळपास काहीच बसत नव्हतं. उच्चवर्णीय, विधवा, धर्माची शिकवण नाही, या तिन्ही कुंपणांच्या पलीकडचं काम एकाच वेळी अंगावर आलं.

आता हे रेल्वेनं पुण्याला आणलेले जीव कसल्या अवस्थेत असतील याचा विचार करा. आजारी, अंगाला घाण, केसांचा गुंता, आणि उपाशी पोटाला एकदम पोटभर घातलं तर जीवावर बेतायचं, म्हणून बेताबेतानं खायला द्यायचं. हे सगळं करणार कोण, तर सदनातल्याच मुली आणि शिक्षिका, ज्यांच्यातल्या कित्येक सोवळ्यातल्या घरातनं आलेल्या. बाईंचं पाचारण म्हणतो आपण, पण अंघोळी घालणारे हात इतरांचे होते, सुंदरबाई पोवारांसारख्या सहकारी होत्या. त्यांची नावं संदेशात येत नाहीत.

पुण्यात प्लेग, आणि केडगावची जमीन

हे कमी म्हणून की काय, तेव्हाच पुण्यात प्लेग शिरला. १८९७ ची सुरुवात. अधिकाऱ्यांनी सांगितलं की शहरात बाहेरची एवढी माणसं आणून ठेवता येणार नाहीत. मुली आल्यात, परत पाठवायला घर नाही, ठेवायला जागा नाही.

इथं केडगाव येतं. आणि इथंच ही केस मला इतर साक्षींपेक्षा वेगळी वाटते. बाईंनी काही वर्षं आधीच केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवलेली होती. दुष्काळासाठी नाही हां. बोस्टनची दहा वर्षं कधीतरी संपणार, मग शारदा सदन कशावर चालणार, म्हणून फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची असा साधा दूरदृष्टीचा हिशोब होता. विहिरी, झाडं. कोरडवाहू मुलुख, दौंडकडचा, ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. त्या जमिनीवर तंबू ठोकले, छपरं उभी केली आणि मुलींना तिकडं हलवलं. जी जमीन चालू कामाच्या सुरक्षिततेसाठी घेतली होती ती न ठरवलेल्या कामाला लागली.

काही लोक हे सांगताना म्हणतात, बघा देवानं आधीच तजवीज केली होती. असेल, मीही तसंच मानतो. पण तजवीज दिसायला बाईंनी सातबाऱ्याची कामं केलेली होती ना आधी. 'विश्वासानं चालतो' म्हणत ज्यांच्या खिशात पुढच्या महिन्याचा विचार नसतो त्यांनी हे जरा बघावं. आणि उलट, ज्यांचा सगळा विश्वास एफडीवर आहे त्यांनी पुढचंही बघावं, की ती बाग आमच्या शाळेसाठीच, म्हणून बाई बसल्या नाहीत.

प्लेगवरून अजून एक प्रकरण झालं, ते थोडं बाजूचं आहे पण सोडवत नाही. त्या काळात पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात घुसून तपासणी वगैरे चालली होती, लोक खवळलेले होते. बाईंच्या एका मुलीला प्लेगच्या हॉस्पिटलात नेलं, तिथं बायकांना जी वागणूक मिळत होती त्याबद्दल बाईंनी बॉम्बे गार्डियनमध्ये १८९७ च्या मे महिन्यात पत्र लिहिलं आणि सरकारला चांगलंच सुनावलं. गोष्ट थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली, गव्हर्नर सँडहर्स्टनं आरोप फेटाळून लावले. जूनमध्ये रँडचा खून झाला. म्हणजे वातावरण काय होतं बघा, आणि त्या वातावरणात तीनशे मुली सांभाळणारी, सरकारच्या परवानगीवर अवलंबून असलेली बाई सरकारवरच उघड टीका करते. सनातन्यांनी बाटगी म्हणून टाकलेली, सुधारकांशी फाटलेलं, आता सरकारशीही. आणि मिशनच्या पगारावर तर त्या कधी नव्हत्याच, कुठल्याच मिशनच्या पंखाखाली गेल्या नाहीत. पाठीशी कोण, हा प्रश्न त्या वर्षी नुसता प्रार्थनेतला नव्हता, खराखुरा होता.

पैसे कुठून आले

१८९८ ला बोस्टनची दहा वर्षं भरली. बाई अमेरिकेला गेल्या, मागं केडगावचं काम बघायला मिनी अॅब्रम्स या मेथडिस्ट मिशनरी बाई होत्या. अमेरिकेत जाऊन बाईंनी काय केलं, तर हिशोब दिला. दहा वर्षांत काय झालं, किती मुली शिकल्या, पैसा कुठं गेला. जुनी असोसिएशन गुंडाळली गेली आणि नवी स्थापन झाली, यावेळी काम उघडपणे ख्रिस्ती असणार हे धरून. परत आल्यावर १८९८ च्या सप्टेंबरात केडगावच्या इमारतींचं समर्पण झालं, मुक्ती सदन.

हा भाग मी मुद्दाम सांगतोय. जुन्या देणगीदारांचा पैसा घेऊन नवं काम गुपचूप सुरू करणं सोपं होतं, समुद्रापलीकडं कोण बघायला येतंय. पण तोंडावर जाऊन सांगितलं, मुदत संपली, काम बदललंय, आता पुढं यायचं का ते तुम्ही ठरवा. आजकाल 'प्रभूनं सेवेची दिशा बदलली' असं व्हॉट्सॲपवर कळवलं की आधीच्या फंडाचं काय झालं हे विचारणारा अविश्वासी ठरतो, म्हणून बोललो.

पुढचं थोडक्यात. १८९९-१९०० ला गुजरात-राजपुतान्यात छप्पनिया दुष्काळ पडला आणि यावेळी माणसं पाठवायला वेळ लागला नाही. आधीच्या दुष्काळातनं आलेल्या मुलीच आता नव्यांना सांभाळणाऱ्या झाल्या होत्या. केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. विणकाम, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींची शाळा, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, गावच वसलं. शारदा सदनही शेवटी तिकडंच आलं. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते तिथल्याच छापखान्यात मुलींनी छापलं. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

किंमत कुणी मोजली

इथपर्यंत थांबलो तर छान साक्ष होते. पण केस स्टडी म्हटलं तर पुढचंही बघायला लागेल.

मनोरमा. आई निर्णय घेत होती तेव्हा ही पंधरा-सोळा वर्षांची. लहानपणी इंग्लंडमध्ये आई शिकत असताना सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, मग आईपासून लांब, मग परदेशात शिक्षण, आणि परत आल्यावर आयुष्यभर मुक्तीचं काम. अंध मुलींना ब्रेल शिकवणं हे तिनं उभं केलेलं काम. १९२१ मध्ये ती गेली, आईच्या आधी, आणि पुढच्या एप्रिलात बाई गेल्या. ती स्वखुशीनं या कामात होती असंच सगळे सांगतात आणि ते खरं असेलही. पण पाचारण आईला आलं तेव्हा मुलीपुढं दुसरा रस्ता उरला होता का, हे तिला तरी सांगता आलं असतं का. पाळकांची आणि सेवकांची पोरं हे वाचतील तेव्हा त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल.

दुसरं म्हणजे त्या मुलींचा धर्म. त्यातल्या पुष्कळ जणींचा बाप्तिस्मा झाला. उपाशी, अनाथ, कुणाच्या तरी आधारावर जगणारी बारा वर्षांची पोरगी श्रद्धा 'निवडते' म्हणजे नक्की काय करते, हा टीकाकारांचा प्रश्न तेव्हाही होता. आपण ख्रिस्ती लोक तो ऐकला की एकदम बचावात जातो, तिला मरू द्यायचं होतं का वगैरे. नव्हतं द्यायचं. ज्या मुलीला दलालाच्या हातातनं सोडवून आणलं तिला कुठलं तरी घर हवं होतं आणि बाईंनी आपल्या घरात जे होतं तेच दिलं. तरी प्रश्न उरतोच, आणि बाईंबद्दल आदर ठेवूनही तो विचारता येतो. त्यांनी स्वतः आयुष्यभर सगळ्यांना प्रश्नच विचारले की, शास्त्री असोत, सुधारक असोत, नाहीतर इंग्लंडमधल्या सिस्टर्स.

आणि तिसरं, पुणं सुटलं. शहरातल्या शिकल्यासवरल्या वर्गाशी, बालविधवांच्या प्रश्नाशी जो धागा शारदा सदनामुळे जोडलेला होता तो १८९३ नंतर सैल झाला होता, केडगावनंतर जवळजवळ तुटला. विधवांच्या शिक्षणाचं ते काम पुढं कर्व्यांनी हिंगण्याला नेलं, ज्यांच्या घरात शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी होती. देवाच्या कामात काही वाया जात नाही असं म्हणायला हे उदाहरण चांगलं आहे, पण बाईंच्या बाजूनं बघितलं तर त्यांनी सुरू केलेली वाट दुसऱ्याच्या नावावर गेली आणि महाराष्ट्र त्यांना बरीच वर्षं विसरला.

बायबल स्टडीत ही केस वापरताना

आमच्या ग्रुपमध्ये ही केस घेतली की पोरं हमखास एकच प्रश्न विचारतात, मग मी जॉब सोडू का? आयटीतली पोरं जास्त, त्यांना सोडण्यासारखं आहे ना. मी त्यांना सांगतो की रमाबाईंनी पहिल्या दिवशी काहीच सोडलं नव्हतं. शारदा सदन चालू ठेवून त्या बघायला गेल्या होत्या. सोडलं ते बघितल्यानंतर, टप्प्याटप्प्यानं, आणि ते सोडणं म्हणजे राजीनामा नव्हे तर आपल्या कामाची जी हद्द आपण, देणगीदार आणि लोकांनी मिळून आखली होती ती पुसणं. त्यामुळं आधी जाऊन बघ. सुट्टीच्या दिवशी जा, वीटभट्टीवर जा, ऊसतोडीच्या कोप्यांवर जा, सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात जा, जिथं तुझी स्वतःची जुनी भूक ओळखीची वाटेल तिथं जा. बघून काही झालं नाही तर सोमवारी ऑफिसला जा, त्यात कमीपणा नाही.

आणि झालंच काही, झोप उडालीच, तर कागद घेऊन बस. कुणाचे पैसे कशासाठी घेतलेत, घरात कोण कोण आहे, त्यांना विचारलंय का, तुझ्याकडं केडगावसारखं काय आहे जे तू वेगळ्याच कारणासाठी राखून ठेवलंयस. एका मुलीनं यावर मला विचारलं होतं की सर, कागदावर जमलंच नाही तर? म्हटलं, बाईंचंही जमलं नव्हतं. त्यावर ती म्हणाली, मग कागद कशाला? मी म्हटलं, बोस्टनला गेल्यावर दाखवायला.